पाच दप्तरांतला मालवण

सिंधुदुर्ग किल्ल्याचं नाव वर्षभरापुरतं ‘फोर्ट ऑगस्टस’ होतं. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने मालवणवर मोहीम काढली. फौजेवर मेजर गॉर्डन होता, जहाजांवर कॅप्टन वॉटसन. किल्ला हाती आला आणि तो कायमचा ठेवायचा या हिशोबाने साहेबांनी त्याचं बारसंही उरकलं. पुढे जमाखर्च मांडल्यावर डोळे उघडले. उत्पन्न तुटपुंजं, शिबंदीचा खर्च मोठा. पाडून टाकावा म्हटलं, तर शिवाजी महाराजांच्या गवंड्यांनी बांधलेला तट सहजी पडण्यातला नव्हता. शेवटी 1766 मध्ये कोल्हापूरच्या, म्हणजे करवीरच्या, जिजाबाई राणीसाहेबांशी तह झाला. सुमारे पावणेचार लाख रुपये आणि पुढे जहाजांना उपद्रव न देण्याची हमी, एवढ्या बोलीवर किल्ला करवीरकरांकडे परत आला. नवं नाव कागदात राहिलं.

कुठल्या कागदात, हा या लेखाचा विषय.

कारण हीच गोष्ट इंग्रजी दप्तरात वाचली तर मालवण म्हणजे चाच्यांचं बंदर. कंपनीचे लोक इथल्या दर्यावर्दींना सरसकट ‘मालवान्स’ म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या लेखी ‘लुटारू’ या अर्थाचाच होता. करवीरच्या बाजूने पाहिलं तर तेच लोक छत्रपतींच्या आरमाराचे चाकर आहेत. आपल्या दर्यातून जाणाऱ्या गलबताने आपलं दस्तक घ्यावं, न घेतल्यास ते धरावं, हा मराठ्यांचा दंडक होता. तो त्यांनी शोधून काढलेला नव्हता. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून त्याच समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत होते आणि तो नसलेली जहाजं पकडत होते. पोर्तुगिजांनी पकडलं तर राजाचा अधिकार, कंपनीने पकडलं तर बंदोबस्त आणि मालवणकराने पकडलं तर चाचेगिरी. एकच दप्तर वाचणाऱ्याला हा फरक दिसत नाही. दोन दप्तरं शेजारी ठेवली की दिसतो.

विद्यापीठातल्या कुठल्याही इतिहास संशोधन केंद्राचं काम थोडक्यात सांगायचं तर एवढंच: दप्तरं शेजारी ठेवणं. मालवणच्या बाबतीत ते मुळात अवघड, कारण त्याची दप्तरं मालवणात नाहीत. निदान पाच ठिकाणी ती विखुरली आहेत. करवीर राज्याचे कागद कोल्हापुरात, पेशव्यांचे पुण्यात, पोर्तुगिजांचे पणजीत आणि लिस्बनला, इंग्रजांचे मुंबईत आणि लंडनला, आणि डचांचे हेग शहरात. पाच दप्तरं, चार भाषा, मोडीपासून सतराव्या शतकातल्या डच हस्ताक्षरापर्यंतच्या लिप्या. त्यात भर म्हणजे कॅलेंडरही एक नाही.

कॅलेंडरची गोष्ट वरवर किरकोळ वाटते. पण सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची तारीखच घ्या. शके 1586, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. इंग्रजी तारीख 25 नोव्हेंबर 1664. मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि कुरटे बेटावर काम सुरू झालं, असं परंपरा सांगते. ही 25 नोव्हेंबर मात्र जुन्या ज्युलियन गणतीची आहे. पोपच्या आज्ञेने 1582 साली पोर्तुगालने नवं ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं आणि लवकरच ते गोव्यातही आलं. डच कंपनीही तेच पाळत होती. इंग्रज 1752 पर्यंत जुन्यालाच चिकटून होते. म्हणजे पायाभरणीच्या त्याच दिवशी एखाद्या इंग्रज वखारवाल्याने पत्र लिहिलं असतं, तर त्यावर 25 नोव्हेंबर पडली असती, आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारवाल्याच्या पत्रावर 5 डिसेंबर. दिवस एकच, तारखांत अंतर दहा दिवसांचं. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रावर सालही मागचंच.

मराठी कागदांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे साल आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं. किल्ला परत मिळाला त्या सुमाराच्या कागदावर ‘सीत सितैन मया व अलफ’ असं दिसलं, तर वाचणाऱ्याने सहा, साठ, शंभर आणि हजार अशी बेरीज करून 1166 हा सुहूर सन काढायचा, त्यात 599 मिळवायचे आणि 1765 च्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचं वर्ष हाती घ्यायचं. सुहूर सन मृग लागला की बदलतो. शेतकऱ्याचं आणि सरकारी वसुलीचं वर्ष तेच. हे गणित जमत नाही तोवर कागद नुसता वाचता येऊन उपयोग नाही.

डच दप्तरापर्यंत मराठी माणूस पोचला तो एका पंजाब्यामुळे. डचांनी 1637 मध्ये विजापूरच्या आदिलशहाशी बोलणी करून वेंगुर्ल्यात वखार घातली. व्यापार हा एक हेतू होता. दुसरा हेतू गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी. गोव्यावर नजर ठेवायला वेंगुर्ल्याइतकी सोयीची जागा नव्हती. त्या वखारीच्या पडक्या भिंती आजही गावात उभ्या आहेत. तिथून बाटाव्हियाला आणि हॉलंडला जाणाऱ्या पत्रांत बाजारभावाच्या बरोबरीने मुलखातल्या बातम्या असत, आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर त्या बातम्यांत शिवाजी हे नाव वारंवार येऊ लागलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण हे पंजाबकडून आलेले, लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि व्यापाराचा इतिहास शिकलेले गृहस्थ. कंपन्यांच्या व्यापारी कागदांची त्यांना सवय होती. 1932 पासून निघालेल्या ‘शिवाजी द ग्रेट’ या इंग्रजी ग्रंथाच्या खंडांत त्यांनी डच कागद मुबलक वापरले. घाटावरच्या कॉलेजात बसून त्यांनी वेंगुर्ल्याची पत्रं शिवचरित्राच्या कामी लावली.

पोर्तुगीज दप्तराला असाच एक वाली मिळाला. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांनी 1931 ते 1961 अशी तीस वर्षं गोव्याचं पुराभिलेखागार सांभाळलं. हे दप्तर 1595 मध्ये स्थापन झालेलं. त्याचा पहिला राखणदार दियोगो दो कूतो हा स्वतः इतिहासकार होता. पावसाळी वाऱ्यांच्या हिशोबाने लिस्बनहून येणाऱ्या जहाजांबरोबर पत्रव्यवहार चालायचा, म्हणून त्या पत्रांच्या बाडांना ‘मॉन्सूनची पुस्तकं’ असं नाव पडलं. पिसुर्लेकरांनी त्यातून मराठ्यांशी संबंध असलेला कागद न् कागद वेचला. कल्याण-भिवंडीकडे शिवाजी महाराजांची पहिली जहाजं बांधायला रुय लैताव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर आपली माणसं घेऊन आला होता, आणि गोव्याच्या सरकारने त्या माणसांना तिथून फोडायचा घाट घातला, ही 1659 ची हकिकत त्याच दप्तरातली. मराठी बखरींत तिचा मागमूस नाही. पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ 1967 मध्ये पुणे विद्यापीठाने छापला, आणि त्यांचा स्वतःचा ग्रंथसंग्रह पुढे गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. एका माणसाने आयुष्यभर केलेलं काम टिकवायला दोन विद्यापीठं लागली.

आता कोल्हापूर. मालवणचा सगळ्यात जवळचा संबंध या दप्तराशी, आणि तो तीन शतकांहून जुना. 1695 मध्ये राजाराम महाराजांनी किल्ल्यात शिवरायांचं मंदिर बांधलं, ते शिवराजेश्वर. 1708 मध्ये साताऱ्याच्या शाहूंच्या फौजा पन्हाळा घेऊन रांगण्याला भिडल्या, तेव्हा ताराबाईंनी सिंधुदुर्गाचा आसरा घेतला. 1731 च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी वाटणी झाली तेव्हा किल्ला करवीरकडे राहिला. 1765 चं प्रकरण सुरुवातीला आलंच. आणि 1 ऑक्टोबर 1812 च्या तहाने करवीरकरांनी मालवण बंदर कायमचं कंपनीला दिलं. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने घडवून आणलेल्या त्या तहात सिंधुदुर्गासोबत पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट यांची नावं स्वतंत्र घातलेली आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये राजकोटावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला तेव्हा देशभरच्या वाहिन्यांना राजकोट हे नाव पहिल्यांदा उच्चारावं लागलं. दप्तरात ते दोनशे वर्षांपूर्वीच नोंदलेलं होतं.

शिवाजी विद्यापीठ 18 नोव्हेंबर 1962 रोजी सुरू झालं. तेव्हा आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीत होता आणि रत्नागिरी या नव्या विद्यापीठाच्या कक्षेत. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे अभ्यासक. कुलगुरूच्या खुर्चीत बसल्यावर माणसं सहसा कागदावर सह्या करतात. पवारांनी कागद छापले. ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ हे त्यांनी संपादित केलेले खंड विद्यापीठाने 1969 पासून प्रसिद्ध केले. पुढे विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रातून ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’ ही इंग्रजी कागदपत्रांची मालिका निघाली. पहिला खंड पवारांनी 1978 मध्ये काढला आणि नंतरचे खंड डॉ. विलास संगवे व बी. डी. खणे यांनी नेटाने पुढे नेले. राज्यारोहण, वेदोक्त, आरक्षणाचा 1902 चा हुकूम, रेसिडेंटशी झालेला पत्रव्यवहार, सगळं क्रमवार. शाहू महाराजांविषयी आज कुणी जबाबदारीने बोलतो, तो या खंडांच्या आधाराने.

अशा केंद्रात रोजचं काम काय असतं? बाहेरून पाहिलं तर कंटाळवाणं. कागदांचा रुमाल सोडायचा. कागद सुटे करायचे, पण त्यांचा मूळ क्रम मोडायचा नाही, कारण कारकुनाने कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी ठेवला होता हाही पुरावाच. मोडीचं बाळबोध करायचं. सन जंत्रीवर ताडून तारीख घालायची. पत्र कुणी कुणाला लिहिलं, अस्सल आहे की नक्कल, शिक्का कुणाचा, हे टिपेत नोंदवायचं. अडलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, टिंबं द्यायची. मग तोच प्रसंग दुसऱ्या दप्तरात कसा आला आहे ते पाहायचं. आरमाराच्या कागदांत तर शब्दही अडवतात: गुराब, गलबत, मचवा, पडाव, तांडेल, सारंग. पुण्यामुंबईच्या अभ्यासकाला त्यासाठी कोश उघडावा लागतो. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला यातले बरेचसे शब्द आजोबांकडून मिळालेले असतात.

कागदाची ही शिस्त काय कामाची, हे विजयदुर्गावर कळतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या या दुसऱ्या जलदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी इथे दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, अशी गोष्ट सांगतात. त्या दिवशी किल्ल्यावर सोहळेही होतात. कागद वेगळंच सांगतात. 1868 चं ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जॅन्सेन याने ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट टिपला. त्यातली पिवळी रेघ म्हणजे हेलियम. मग विजयदुर्गाशी त्याचं नातं खोटं? मुळीच नाही. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर आपली सगळी तुकडी घेऊन विजयदुर्गावर आला होता आणि त्या निरीक्षणांचा अहवालही छापला गेला. गावाने माणूस बरोबर लक्षात ठेवला, किल्ला बरोबर लक्षात ठेवला, फक्त ग्रहण तीस वर्षांनी मागे नेलं. लोकांच्या आठवणीत दोन गोष्टी जिथे एकमेकींत मिसळतात, नेमकी तीच जागा शोधणं हे इतिहासकाराचं काम. 1898 ची खरी गोष्ट दंतकथेपेक्षा कमी रंगतदार नाही.

गोष्ट ऐकली की पुरावा मागायचा, ही सवय महाराष्ट्राला लावणाऱ्यांत अग्रणी असलेला माणूस मालवणचाच. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म 6 जुलै 1837 रोजी मालवणात झाला. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि पोथ्या एकमेकांवर तपासून त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, आणि त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. त्यांचा विषय सातवाहन आणि चालुक्य; मालवणच्या आरमाराकडे ते वळले नाहीत. पद्धत मात्र त्यांचीच पुढे चालली आहे.

कागद संपतात तिथे समुद्र सुरू होतो. 1966 मध्ये स्थापन झालेल्या आणि आता गोव्यात दोनापावलला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात दगडी नांगर शोधले आणि 1997 मध्ये त्यावर निबंध छापला. दोराला बांधायला भोकं पाडलेले हे दगड अरबी समुद्रावरच्या जुन्या जहाजांचे. विजयदुर्गाजवळही त्यांनी पाण्याखालच्या भिंतीची आणि वाघोटण खाडीतल्या जुन्या गोदीची पाहणी केली. दगडी नांगर टाकणारी जहाजं इथे थांबत होती, हे सांगणारा एकही कागद कुठल्या दप्तरात शिल्लक नसला तरी तळाचा दगड आहे.

आणि एक सहावं दप्तर आहे. ते कुठल्याही पुराभिलेखागारात नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ला, आचरा, मसुरे इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर ते पडून आहे. खोतीचे निवाडे, देवस्थानच्या मानपानाचे कागद, मिठागरांचे हिशोब, सावकाराची खतं, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची पत्रं. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, त्यामुळे यातले पुष्कळ कागद आजच्या घरमालकालाही वाचता येत नाहीत. वाचता येत नाही ते अडगळीत जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारी हवा, वाळवी आणि कसर. घाटावर तीनशे वर्षं टिकणारा कागद इथे कौलाच्या एका फुटीने एका पावसाळ्यात जातो. करवीरच्या दप्तरात मालवणचं आरमार सापडतं, इंग्रजी दप्तरात मालवणचा तह सापडतो. पण तांडेलाला पगार किती मिळायचा आणि त्याच्या बायकोने कुणाकडून किती उसने घेतले, हे सांगणारा कागद मिळाला तर याच सहाव्या दप्तरात मिळेल.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतले दोन, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग, या एकाच जिल्ह्यातले. आता तटाची डागडुजी होईल, फलक लागतील, होड्या वाढतील. फलकावर काय लिहायचं हे ठरवायला मात्र पाचही दप्तरं वाचलेली माणसं लागतील, आणि सहाव्यासाठी घरोघर जाणारी. सिंधुदुर्गातली महाविद्यालयं आता मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. मोडी वाचणारे, पोर्तुगीज शिकणारे दहा-बारा विद्यार्थी जरी त्यांतून तयार झाले, तरी कामाला सुरुवात होईल.

तोवर ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल, त्यांनी एवढं करावं. तो उन्हात वाळत घालू नये, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि टिकावा म्हणून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट तर मुळीच करू नये. कोरड्या सुती फडक्यात सैल बांधून, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवावा. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी, क्रम न बदलता फोटो काढावेत. आणि मग जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना पुढचा पाऊस लागण्याआधी घरी बोलवावं.